ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानातल्या पेशी मिठात आकसतात, पण पाण्यात परत फुगत नाहीत. का?

प्रश्न (अकरावी_प्रात्यक्षिक): पानाच्या जांभळ्या बाजूची साल 5 टक्के मिठाच्या द्रावणात ठेवली की दोन-तीन मिनिटांत रससंकोच (पाणी बाहेर गेल्याने पेशीच्या आतला गोळा आकसून भित्तिकेपासून सुटणं) दिसतो. नंतर पाणी सोडल्यावर मोजक्याच पेशी पूर्ववत होतात, बाकीच्यांचा जांभळा रंग बाहेर पसरतो. उलट 1 टक्का साखरेत काहीच घडत नाही. चूक कुठे होतेय?

उत्तर (रिक्तिका): टक्केवारी दिशाभूल करते, कणांची संख्या मोजा. साखरेचा रेणुभार 342, मिठाचा 58.5, शिवाय मिठाचे पाण्यात दोन आयन होतात. म्हणजे त्याच वजनात मिठाचे कण जवळपास बारापट. तुमची 1 टक्का साखर 0.03 मोलर (मोलर म्हणजे लिटरमागे कण किती याचं माप), पेशीरसापेक्षा कितीतरी विरळ, म्हणून पाणी बाहेर यायचं कारणच नाही. 5 टक्के मीठ मात्र 0.85 मोलर, आयन धरले तर त्याच्या दुप्पट. एवढा मारा पेशीला सोसत नाही. त्यातून सोडियम प्रद्रव्यपटलाला (भित्तिकेच्या आतलं पेशीचं पातळ आवरण) धरून असलेलं कॅल्शियम हटवतं आणि पटल गळकं होतं.

साखरच वापरा: 17 ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून एकूण 100 मिली करा, म्हणजे 0.5 मोलर. दहा मिनिटं द्या.

आणखी एक उत्तर (काचपट्टी): परतीचा प्रवास हळू हवा, बहुतेक पेशी तिथेच फुटतात. पेशी आकसते तेव्हा पटलाचा काही भाग आत ओढला जातो. तो परत जागेवर यायला वेळ लागतो आणि पटल स्वतः फारसं ताणत नाही. एकदम पाणी शिरलं की फुटलंच. आधी निम्म्या तीव्रतेची साखर, पाच मिनिटांनी पाणी. कव्हरस्लिप उचलू नका: एका कडेला ड्रॉपरने थेंब सोडा, समोरच्या कडेला टीपकागद लावून जुनं द्रावण ओढून घ्या. दोन-तीनदा करा, नाहीतर खाली साखर राहतेच.

सालीच्या फाटलेल्या कडेजवळच्या पेशी आधीच मेलेल्या असतात, त्या मोजू नका. एक तुकडा मिनिटभर उकळून शेजारी ठेवा. रंग गळलेला दिसेल, रससंकोच होणार नाही. पटल जिवंत असल्याशिवाय हा खेळ होत नाही, हे मुलांना तिथेच कळतं.

अकरावी_प्रात्यक्षिक: मनापासून आभार. आकसलेला गोळा आणि पेशीभित्तिका यांमधली जागा मुलं रिकामी दाखवतात. ती रिकामीच ना?

रिक्तिका: नाही, तिथे बाहेरचंच साखरेचं द्रावण असतं. सेल्युलोजची भित्तिका साखरेला अडवत नाही, अडवतं ते पटल. आकृतीत त्या जागेला ‘बाहेरील द्रावण’ असंच नाव द्यायला लावा. वेळ असेल तर साखरेऐवजी ग्लिसरॉल घेऊन बघा: पेशी आधी आकसतात, मग ग्लिसरॉल हळूहळू पटलातून आत झिरपतं, मागोमाग पाणी येतं, आणि द्रावण न बदलताच पेशी पुन्हा भरतात.