जुनी गाडी देऊन नवी घेताना तुमच्या गाडीला योग्य भाव मिळाला का?

छत्रपती संभाजीनगर : दसऱ्याच्या आधी जालना रोडवरच्या एका शोरूममध्ये माझी 2017 सालची, एमएच 20 पासिंगची पेट्रोल गाडी दाखवली, तेव्हा तिचे 2,85,000 रुपये मिळतील असे सांगण्यात आले आणि मला तो भाव चांगला वाटला. घरी येऊन कागद पाहिला, तर त्यातले 25,000 हा नव्या गाडीवरचा एक्स्चेंज बोनस (जुनी गाडी बदलून दिल्याबद्दल मिळणारी सूट) होता, म्हणजे माझ्या गाडीची किंमत त्यांनी 2,60,000 च धरली होती. शिवाय आदल्या दिवशी कबूल केलेली 20,000 ची रोख सवलत त्या कागदावर नव्हतीच. मग नव्या गाडीची ऑन-रोड (कर, नोंदणी व विमा धरून) किंमत, सवलत, बोनस आणि जुन्या गाडीचा भाव असे चार आकडे वेगळे लिहून घेतले आणि तोच कागद घेऊन दुसऱ्या शोरूममध्ये व जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. अखेर बोनस सोडून 2,90,000 मिळाले आणि सवलतही परत आली. आपण वरून किती पैसे भरतो, हा एकच आकडा मी शेवटपर्यंत धरून बसलो होतो. आपल्या भागातील इतरांनीही आपले सौदे आकड्यांसह लिहावेत, ही विनंती.

लातूर : माझ्या ज्या जुन्या गाडीचे ऑगस्ट 2025 मध्ये 4,10,000 सांगितले होते, तिचेच ऑक्टोबरमध्ये 3,70,000 सांगण्यात आले, तेव्हा आपली फसवणूक होते आहे असेच वाटले. परंतु 22 सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला होता, वरचा उपकरही गेला होता, आणि मी घेत असलेली नवी गाडी त्यामुळे सुमारे 60,000 रुपयांनी उतरली होती. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरणारच, आणि माझा वरचा भरणा तरीही 20,000 ने कमी होत होता, म्हणून त्या कपातीवर मी वाद घातला नाही. मी हटलो नाही तो बंपरच्या ओरखड्यांवर. त्यापोटी ते 12,000 कापत होते. गावातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून 3,500 चे अंदाजपत्रक लिहून आणून समोर ठेवले आणि कपात तेवढीच करायला लावली.

जालना : समृद्धी महामार्गावर नियमित जाणे-येणे असल्याने माझे टायर झिजले होते. विकण्याआधी चार नवे टायर टाकले आणि त्याचे पैसे भावात उतरले नाहीत. सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, त्यांचा मात्र उपयोग झाला.

नांदेड : गाडी वडिलांच्या नावावर होती. सहकारी बँकेचे कर्ज चार वर्षांपूर्वी फिटले होते, पण आरसीवरचा (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा) बोजा, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, उतरवायचे आम्हा कोणाच्याच ध्यानात राहिले नव्हते. शोरूमने त्यासाठी 15,000 कापतो म्हणून सांगितले. मी बँकेकडून ना हरकत दाखला आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 घेतला, आरटीओत अर्ज केला आणि पंधरा दिवस थांबले. त्या कामाला शुल्क धरूनही दोन हजारांच्या आत खर्च आला. वडिलांनी पाच वर्षे विम्याचा एकही दावा केला नव्हता, त्यामुळे 50 टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) त्यांच्या हक्काचा होता. हा बोनस गाडीबरोबर जात नाही, मालकाकडे राहतो. नवी गाडीही त्यांच्याच नावावर असल्याने जुन्या विमा कंपनीचे पत्र दाखवून तो तिथे लावून घेतला. शोरूमने दिलेल्या विम्याच्या कोटेशनमध्ये तो धरलेलाच नव्हता आणि आपण विचारल्याशिवाय कोणी सांगतही नाही, याचे मला फार वाईट वाटले.

परभणी : भावाच्या बाबतीत मी समाधानी होतो, त्रास नंतर झाला. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या घेऊन व्यापाऱ्याने गाडी नेली, आणि सात महिने तिचे ई-चलान माझ्या मोबाइलवर येत राहिले. त्या गाडीने अपघात केला असता, तर मालक म्हणून माझेच नाव निघाले असते. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार गाडी अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात गेल्याची सूचना फॉर्म 29सी द्वारे परिवहन विभागाच्या पोर्टलवर द्यायची असते, हे मला उशिरा कळले. पुढच्या वेळी धाकट्या भावाची गाडी देताना आम्ही भावातले 5,000 सोडले, पण ती सूचना आमच्या समोर भरून घेतली, ताबापावतीवर तारीख आणि वेळ लिहून घेतली आणि मगच चावी दिली.