मदत हवी आहे: माणूस आफ्रिकेतून आला की ठिकठिकाणी घडला?

शेंगाचटणी:
नमस्कार मंडळी. सोलापुरात आमच्या गल्लीतल्या वाचनालयात दर महिन्याला कोणीतरी अर्धा तास बोलतं. या शनिवारी माझा नंबर आहे आणि मी हौसेने विषय देऊन बसले, 'आपण आलो कुठून'. नोकरी बँकेत, जीवशास्त्र बारावीला सुटलं. तयारी केलीय, पण एका ठिकाणी गाडी अडलीय.

मला कळलं ते असं. 1984 साली वोल्पॉफ, वू शिंझी आणि थॉर्न यांनी मांडलं की होमो इरेक्टस (आपल्या आधीची माणसाची एक जात) आफ्रिकेतून निघून पसरला आणि मग ठिकठिकाणी, आपसात सोयरीक होत होत, आजचा माणूस घडला. 1987 मध्ये कॅन, स्टोनकिंग, विल्सन यांनी 147 जणांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला, हा डीएनए फक्त आईकडून मुलांत येतो. आईकडून आलेली सगळ्यांची रेघ साधारण दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका बाईपाशी गेली. म्हणजे आपण आफ्रिकेतच घडलो, तिथून निघालो आणि बाकीच्यांची जागा घेतली, असं दुसरा पक्ष म्हणू लागला.

'तेव्हा ती एकटीच बाई होती का?' हे कोणीतरी विचारणारच. त्याचं उत्तर घरातच सापडलं. माझ्या आजीला चार मुलगे, मुलगी एकही नाही. तिचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए बाबा आणि काकांपाशी थांबला, माझ्यात आहे तो आईचा. आजीचं नाक माझ्याकडे आलंय (आई म्हणते, स्वभावही), पण या चाचणीत आजी दिसायचीच नाही. त्या काळातल्या बाकीच्या बायकांचंही तसंच.

आता अडचण. 2010 मध्ये निअँडर्थलचा (माणसाची एक जात, आता नामशेष) जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला गेला आणि आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्याचा 1 ते 4 टक्के अंश निघाला. त्याच वर्षी सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेतल्या बोटाच्या हाडावरून आणखी एक मंडळी कळली, तिचा अंश पापुआ न्यू गिनीच्या लोकांत सापडतो. मग 'जागा घेतली' कुठे? सोयरीक झालीच की! 1984 वाले बरोबर म्हणायचे का?

शिवाय पहिल्या रांगेत एक निवृत्त सर बसतात. ते नर्मदाकाठची कवटी काढणार, लिहून देते. कोणीतरी वाचवा.

दगडगोटे:
ताई, प्रमाण बघा. 1984 च्या मांडणीत स्थानिक जुन्या माणसांचा वाटा बराच मोठा धरला होता. प्रत्यक्षात आफ्रिकेबाहेरच्या माणसात निअँडर्थल दोनेक टक्के, बाकी बहुतेक सगळं आफ्रिकेतूनच. तेव्हा सरळ सांगा, आफ्रिका पक्की, वर सोयरिकीची फोडणी.

खरी गंमत आफ्रिकेतच आहे. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदच्या हाडांचं वय 2017 मध्ये सुमारे तीन लाख वर्षं ठरलं. चेहरा आपल्यासारखा, कवटी मात्र मागे लांबट. त्यामुळे आफ्रिकेतल्याच एका कोपऱ्यात माणूस घडला, हे आता फारसं टिकत नाही. खंडभर पांगलेले गट कधी दुरावत, कधी मिसळत आपण झालो, असं बरेच अभ्यासक मानतात. 'ठिकठिकाणी' हा शब्द परत आला म्हणा, पण आफ्रिकेपुरता.

सरांसाठी: ती नर्मदाकाठची, म्हणजे हथनोऱ्याची, कवटी 1982 मध्ये अरुण सोनकियांना सापडली. ती अर्धवट आहे आणि कोणत्या जातीची यावर अजून वाद आहे. आपल्या जवळचंच सांगायचं तर कलबुर्गीच्या पुढे यादगीर जिल्ह्यात, हुणसगी खोऱ्यातल्या इसामपूरला दगडी हत्यारं घडवण्याची जागा आहे, वय सुमारे 12 लाख वर्षं. ती करणारे आपण नव्हेच. इथे कोणीतरी राहत होतं, एवढंच त्यातून कळतं. ते आपले पणजोबा होते, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

आणखी एक. आज जिवंत असलेल्या एकाही माणसात निअँडर्थलचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए सापडलेला नाही. 1997 मध्ये त्याचा तुकडा पहिल्यांदा वाचला, तेव्हा तो आपल्यापेक्षा फार वेगळा निघाला. त्यामुळे सोयरीक झालीच नसावी, असं बऱ्याच जणांना वाटलं होतं.

शेंगाचटणी:
दादा, थांबा थांबा. म्हणजे त्या चाचणीत निअँडर्थल दिसले नाहीत, ते माझी आजी दिसत नाही तसंच? अंश आहे, फक्त आईकडची रेघ तुटलीय?

दगडगोटे:
तसं असू शकतं. किंवा त्या सोयरिकीत आईच आपल्याकडची असेल.

शेंगाचटणी:
मग आजीचा फोटोच नेते शनिवारी. नाक दिसेल असा शोधते.