प्रतिसाद: निरोपाचा अल्बम खरा किती?

निरोपाचा अल्बम म्हणजे निव्वळ विक्रीची क्लृप्ती, हे मत मला अर्धेच पटते. स्कॉर्पियन्स या जर्मन रॉक बँडने २०१० मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि २०२२ मध्येही नवा अल्बम काढला, तेव्हा शंकेला जागा आहेच. मात्र ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा २०१३ चा अखेरचा अल्बम ‘१३’ संपताना पाऊस, गडगडाट आणि घंटेचे टोल ऐकू येतात. नेमक्या याच आवाजांनी त्यांचा १९७० मधला पहिला अल्बम सुरू झाला होता. बँडचे गिटारवादक टोनी आयोमी तेव्हा लिम्फोमा या कर्करोगावर उपचार घेत होते, त्यामुळे हे वर्तुळ जाणूनबुजून पूर्ण केले असावे, असे मला वाटते. मूळ ड्रमवादक बिल वॉर्ड त्यात नाहीत, ही खंत राहतेच. त्यांच्या जागी ब्रॅड विल्क यांनी ड्रम चोख वाजवले असले, तरी वॉर्ड यांचा जॅझकडे झुकणारा सैलसर हात तिथे नाही.