मागचा ब्रेक कुईकुई करतोय, तेल सोडू का?

देवरुखचा_पोरगा
नमस्कार मंडळी. महिन्याभरापूर्वी जुनी स्प्लेंडर घेतली, २०१४ ची. रोज देवरुख ते संगमेश्वर. पाऊस सुरू झाल्यापासून मागचा ब्रेक कुईकुई करतो आणि चेन खडखडते. मित्रांच्या ग्रूपवर विचारलं. एक म्हणाला, ब्रेकमध्ये चार थेंब तेल सोड. दुसरा म्हणाला, चेनला खोबरेल चोळ, केसांसारखी चमकेल. तिसरा म्हणाला, मेन स्टँडवर गाडी चालू कर, चौथा गिअर टाक आणि फडकं धर, दोन मिनिटांत चेन चकाचक. सगळेच हसत होते, त्यामुळे खरं काय आणि मस्करी काय ते कळेना. तेलाचा कॅन आणून ठेवलाय.

वाईकर
खोबरेल नको. थंडीत बाटलीत गोठतं आणि पावसात एका फेरीत धुऊन जातं. बाकीचं जाणकार सांगतील.

गगनबावडा_घाट
भावा, कॅन आधी बाजूला ठेव. ब्रेकमध्ये एक थेंबही नको. ड्रमला लायनर, म्हणजे ब्रेकचं अस्तर, घासतो म्हणून गाडी थांबते. लायनर तेल पितो, मग कितीही पुसलास तरी उपयोग नाही, नवे टाकावे लागतात. आणि हे कळतं कुठे, तर उतारावर, समोर एसटी असताना.

रात्रभर भिजलेल्या गाडीच्या ड्रमला गंजाचा पातळ थर धरतो. सकाळी दोन-चार ब्रेक मारले की तो आवाज जातो. दिवसभर राहिला तर पेडल पूर्ण दाबून मागच्या ड्रमकडे बघ. ब्रेकच्या दांडीपाशी छोटा बाण आहे आणि ड्रमच्या झाकणावर एक खूण. बाण खुणेला टेकला तर लायनर संपले.

आता ते चालू गाडीचं. त्यावर मला हसू येत नाही. आमच्या गल्लीतल्या गॅरेजात एक पोरगा असाच चेन पुसत होता. फडक्याचं एक टोक सुटलेलं. ते मागच्या दातेरी चक्रात गेलं आणि त्याच्यामागे हात. दोन बोटांची पेरं गेली. ओरडायलाही वेळ मिळाला नाही त्याला. तेव्हापासून कोणी नवख्याला हे गमतीत सांगताना दिसलं की मी तिथेच अडवतो. ज्याला माहीत आहे तो हसून सोडून देतो, ज्याला माहीत नाही तो करून बघतो.

असं कर. इंजिन बंद, चावी खिशात, गाडी न्यूट्रलला मेन स्टँडवर. चेनकव्हर काढ. चाक हाताने फिरवत जुन्या ब्रशने रॉकेल लाव, नाही मिळालं तर डिझेल चालतं. टायरला आणि ड्रमला लागू देऊ नकोस. कोरड्या फडक्याने पूस. मग ९० नंबरचं गिअर ऑइल खालच्या चेनच्या आतल्या बाजूने थेंब थेंब सोड, फिरताना ते बाहेर सरकतं. अर्ध्या तासाने वरचं जास्तीचं पुसून टाक. पावसाळ्यात मी दर रविवारी करतो.

ताण बघताना खालची चेन मधोमध बोटाने वर-खाली कर. २० ते ३० मिलीमीटर हलायला हवी. चाक फिरवत चार-पाच जागी बघ, जिथे सगळ्यात ताठ लागेल तिथे माप धर. चेन ओढताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेव, नाहीतर चाक तिरकं बसतं. चाक मागे सरकलं की ब्रेकही बदलतो, तेव्हा शेवटी पेडलचा खेळ, म्हणजे ब्रेक लागायच्या आधी ते जितकं मोकळं दबतं ते, पुन्हा लाव. हे बरेच जण विसरतात.

देवरुखचा_पोरगा
दादा, कॅन परत कपाटात. बाण खुणेच्या पुढे गेलाय! आज लायनर बदलून घेतो. चेन धुतली, पण एका जागी ताठ आणि अर्धा फेरा फिरवला की लोंबते. मागच्या चक्राचे दातही एका बाजूला झुकल्यासारखे दिसतात.

गगनबावडा_घाट
मग चेन ओढत बसू नकोस, ती संपली. चेन आणि दोन्ही चक्रं असा पूर्ण सेट एकदम टाक. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवलीस तर तीही लवकर जाईल. चाक लायनरसाठी खोलणारच आहेस, त्याच वेळी उरकून घे. तोवर संगमेश्वरला एसटीने जा.