पार्टीचं बिल धंद्याच्या खर्चात धरता येतं का?

सातपूरवाला: मंडळी, एक विचारायचंय. नाशिकला सातपूर एमआयडीसीत आपलं जॉबवर्कचं युनिट आहे, पार्टनरशिप फर्म. मागे पुण्याच्या कस्टमरची परचेसवाली माणसं आली होती, त्यांना सकाळी मिसळ, संध्याकाळी गंगापूर धरणाकडच्या वायनरीत जेवण आणि वाईन, मग रिसॉर्टला मुक्काम, रिसॉर्टवाल्याला एकाच दिवशी १४ हजार कॅश दिले. गाडी फर्मच्या नावावर आहे. आणि भावाने त्याच फायलीत पोरीच्या बर्थडेचं हॉटेलचं बिलपण सरकवलंय. सीए म्हणतो बरंचसं उडेल. बाकीचे तर बिनधास्त टाकतात हो!

टॅलीभाऊ: टाकतात, आणि स्क्रुटिनी (आयकरवाल्यांची तपासणी) लागली की धावतात. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ३७(१) आहे, खर्च पूर्णपणे धंद्यासाठीच पाहिजे, घरचा नको. एंटरटेनमेंटला पूर्वी वेगळी लिमिट असायची, ती १९९७ च्या बजेटात काढली, त्यामुळे कस्टमरचं जेवण चालतं, फक्त बिलामागे कोण आलं, कुठल्या ऑर्डरसाठी आलं ते लिहून ठेवा. बर्थडे विसरा. कॅशचं मात्र वाईट झालं, एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर कॅश दिली की वरचे ४ नाही, अख्खे १४ हजार खर्चातून उडतात, कलम ४०ए(३). (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आहे, तिथे कलमांचे नंबर वेगळे.)

पंचवटीकर: गाडीवर १५ टक्के डेप्रिसिएशन (घसारा) मिळतं पण घरच्या वापराचा हिस्सा कापतात, वहिनी रोज त्याच गाडीने कॉलेज रोडला जात असतील तर लॉगबुक कितीही सजवा. जीएसटीत साध्या कारचं क्रेडिट (भरलेला जीएसटी वळता करून घेणं) नाही, जेवणाचंही नाही. रूमचं मात्र मिळू शकतं, म्हणून रिसॉर्टला रूम आणि जेवणाची बिलं वेगळी करायला सांगायची, बिलावर फर्मचा जीएसटी नंबर टाकून. वाईन तर जीएसटीतच नाही.

टॅलीभाऊ: आणि कस्टमरला मोबाईल, फॉरेन टूर असलं काही देऊ नका टीडीएस (आधीच कापून भरायचा टॅक्स) न बघता. १ जुलै २०२२ पासून एका कस्टमरला वर्षात २० हजारांच्या वर फायदा दिला तर १० टक्के टीडीएस, कलम १९४आर. लहान प्रोप्रायटरला सूट आहे, फर्मला नाही.

सातपूरवाला: बाप रे. भावाला आजच सांगतो. मग दिवाळीच्या ड्रायफ्रूट बॉक्सचं काय?

पंचवटीकर: खर्च धरा, कुणाला दिले त्याची यादी लावा. जीएसटीचं क्रेडिट मात्र घेऊ नका, गिफ्टवर ते बंदच आहे.