मदत हवी आहे: शाळेतल्या गैरव्यवहाराबद्दल बोलले, आता त्रास सुरू झालाय

मी सरकारी शाळेत लेखनिक आहे. विद्यार्थ्यांसाठीचा निधी भलत्याच बिलांवर खर्ची पडलेला दिसला, म्हणून मुख्याध्यापकांना सांगितलं. तोंडीच, ही माझी चूक. 3 आठवड्यांत हिशेबाचं काम काढून घेतलं आणि वार्षिक शेऱ्यात प्रथमच ‘असहकार’ आला.

आता वरिष्ठांकडे लेखी तक्रार करायची आहे. तारीखवार नोंदी आणि आधीचे चांगले शेरे जपून ठेवलेत. पण बिलांच्या प्रती घरी आणल्या तर माझ्यावरच कारवाई होईल का? निनावी तक्रार केली, तर पुढे ‘तक्रार हिची आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं’ म्हणत सूडाचा आरोप ते सहज झटकतील. मग नाव देऊन ते गुप्त ठेवण्याची लेखी विनंती करावी का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. मुलांचे पैसे आहेत हो, गप्प बसवत नाही.