ॲनिमल हाऊसमध्ये अमोनियाचा वास जात नाही, एअर चेंजेस वाढवू की आयव्हीसी रॅक (प्रत्येक पिंजऱ्याला स्वतंत्र हवा देणारा) मागू?

पिंपळपान:
मंडळी, सल्ला हवाय. आमच्याकडे प्रयोगासाठीच्या उंदरांची एक खोली आहे, फिल्टरच्या झाकणाचे साधे पिंजरे, आणि दर सोमवारी सकाळी पिंजरा उघडला की डोळे चुरचुरतात. भिंतीवरच्या डिस्प्लेवर मात्र सगळं छान, २२ डिग्री, ह्युमिडिटी ५५ टक्के, आणि फाइलमध्ये तासाला १२ एअर चेंजेस, म्हणजे खोलीतली हवा तासात १२ वेळा बदलते, असं लिहिलंय. आमचं काम फुप्फुसांवरचं आहे त्यामुळे जीव टांगणीला लागलाय, जी सूज आम्ही औषधाच्या खात्यात मांडतोय ती अमोनियाची असली तर? मेंटेनन्सवाले म्हणतात फॅन वाढवून २० करून देतो. करू का? की सरळ आयव्हीसीसाठी अर्ज टाकू? पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत.

धूपछाव:
फॅन वाढवू नका, निदान आत्ता तरी नको. खोलीची हवा आणि पिंजऱ्यातली हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिल्टर झाकणाच्या पिंजऱ्यात हवेची ये-जा फार कमी असते, त्यामुळे खोलीत १२ चे २० केलेत तरी आतला अमोनिया जवळपास तिथेच राहतो, उलट हवा आत येते त्या तोंडाशी असलेल्या पिंजऱ्यांना झोत लागतो. उंदराला खरा आराम साधारण ३० डिग्रीच्या आसपास वाटतो, २२ ला तो आधीच गारठलेला असतो हो, त्यात वारा कशाला. प्रत्येक पिंजऱ्यात ८-१० ग्रॅम घरट्याचं साहित्य देताय ना? नसाल तर ते आजच द्या.

आणि आधी मोजा. अमोनियाची काचेची डिटेक्टर ट्यूब मिळते, ती पाण्याच्या बाटलीच्या भोकातून आत सरकवायची, झाकण उघडलंत की आकडा गेलाच. स्वच्छ केल्याच्या दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि बदलायच्या आदल्या संध्याकाळी घ्या, एका पिंजऱ्यात किती उंदीर आहेत तेही बाजूला लिहा.

रात्रपाळी:
धूपछाव यांना +१. फाइलमधले १२ कधीचे आहेत ते विचारा, बहुतेकदा खोली चालू केली त्या दिवशीचे असतात. हिशोब सोपा आहे, खोली ५ बाय ४ बाय ३ मीटर असेल तर ६० घनमीटर, म्हणजे १२ साठी तासाला ७२० घनमीटर हवा खरंच यायला हवी, ती ग्रिलवर मोजून मागा. प्रयोगशाळेतल्या जनावरांच्या निगेच्या २०११ च्या अमेरिकन गाईडमध्ये १० ते १५ म्हटलंय, पण कितीही उंदीर भरा आणि १५ ठेवा असा त्याचा अर्थ नाही, जनावरं किती, बेडिंग (पिंजऱ्यात खाली अंथरतात ते) कुठलं, उष्णता किती यावर ते ठरतं. मोजणारा येईपर्यंत एक टिश्यू पेपर एक्झॉस्टच्या, म्हणजे हवा बाहेर ओढणाऱ्या, जाळीला लावून बघा. आमच्याकडे तो चिकटायचं नावच घेईना, जाळी काढली तर मागे केस आणि बेडिंगच्या धुळीचा राखाडी नमदा बसलेला, बोटभर जाड, खरवडून काढला. त्या दिवसापासून प्री-फिल्टर बदलायची तारीख आम्ही दारावरच लिहितो.

निळीशाई:
आयव्हीसीला सरसकट नाही म्हणू नका. मला उंदरांची ॲलर्जी आहे, शिंका, मग दम, म्हणून सांगते. लघवीतलं प्रोटीन धुळीवर बसून हवेत फिरतं, आणि एक्झॉस्ट बाहेर जोडलेला रॅक असेल तर श्वासात फार फरक पडतो. पण घेताना ब्लोअर बंद पडला तर काय होणार हे आधी विचारा, ते पिंजरे जवळजवळ हवाबंद असतात, आत कार्बन डायऑक्साइड चढत जातो, तेव्हा अलार्म आणि बॅकअप लाइन हवीच. ब्लोअरची थरथरही हाताने चाचपून बघा. तोपर्यंत बेडिंग उघड्यावर झटकू नका आणि मास्क नीट घट्ट बसणारा वापरा, ताई.

पिंपळपान:
खूप आभार सगळ्यांचे. ट्यूब लावल्या. दुसऱ्या दिवशी जवळपास काही नाही, चौथ्या दिवशी १५ पीपीएम, सातव्या दिवशी पाच-पाच नरांच्या पिंजऱ्यात ६० च्या वर, दोन-दोनच्या पिंजऱ्यात मात्र १० पण नाही! माणसांसाठी आठ तासांच्या पाळीला २५ ची मर्यादा धरतात आणि ही बिचारी दिवसरात्र त्यातच. टिश्यू पण गळून पडला, जाळी उघडून साफ केली, आता चिकटतो.

धूपछाव:
मग उत्तर मिळालं की. दाटीचे पिंजरे चौथ्या दिवशी बदला, पण त्याहून सारखे सारखे नको, वास पुसला गेला की नर भांडतात. जुन्या घरट्यातला कोरडा मूठभर भाग नव्या पिंजऱ्यात टाका, लघवीचं ओलं बेडिंग नाही. आणि नाकाचे सेक्शन्स (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे पातळ काप) बघा, अमोनिया आधी तिथे दिसतो.

पिंपळपान:
तेच काढलेत आज, मागच्या दोन बॅचचे. पाचवाले आणि दोनवाले वेगळे करून बघतेय. आयव्हीसीचा अर्ज थांबवलाय, आधी हवा मोजणारा येऊन जाऊ दे.